झेरॉक्स मशीनचा आवाज : ओळख, कारण आणि उपाय

आपल्या शाळेच्या कार्यालयातले झेरॉक्स मशीन आपण सगळ्यांनीच पाहिले आहे. रजेचे अर्ज, हाऊसच्या सामन्यांची वेळापत्रके, पालकांना जाणारी पत्रे, हॉबी क्लबच्या प्रश्नपत्रिका, सगळे तिथूनच निघते. मशीन नीट चालते तेव्हा त्याच्याकडे कोणी बघत नाही. ते आवाज करू लागले की सगळे बघतात, दोन दिवसांत त्या आवाजाची सवय होते आणि पुन्हा कोणी बघत नाही.

गेल्या सत्रात या मशीनमधून एक आवाज येऊ लागला होता. तो कशामुळे आला हे मला ठाऊक होते, कारण चूक माझी होती. ती हकिकत मी लेखाच्या शेवटी सांगणार आहे. आधी मशीनचा आवाज कसा ओळखायचा ते पाहू, म्हणजे ती हकिकत नीट समजेल.

मशीनच्या आत काय घडते?

अमेरिकेतील चेस्टर कार्लसन यांनी २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कमधील अ‍ॅस्टोरिया येथे या पद्धतीने पहिली प्रत काढली. गंधकाचा थर दिलेली जस्ताची पट्टी रुमालाने घासून विद्युतभारित केली गेली. काचेवर तारीख आणि गावाचे नाव लिहून त्यातून पट्टीवर प्रकाश पाडला, वर बारीक पूड भुरभुरवली आणि ती मेणकागदावर दाबून घेतली. अक्षरे कागदावर उमटली. पुढे १९५९ मध्ये ‘झेरॉक्स ९१४’ हे साध्या कागदावर आपोआप प्रती काढणारे कार्यालयीन यंत्र आले. त्या कंपनीचे नाव आपल्या बोलण्यात इतके रुळले की आज मशीन कोणत्याही कंपनीचे असो, आपण ‘झेरॉक्स काढून आण’ असेच म्हणतो.

आजच्या मशीनचे तत्त्व तेच आहे. आत एक गुळगुळीत नळकांडे असते, त्याला ड्रम म्हणतात. काम पुढील क्रमाने होते.

१. ड्रमच्या पृष्ठभागावर विद्युतभार दिला जातो.
२. लेसरचा किरण जिथे अक्षर हवे तिथला भार काढून टाकतो. हा किरण वेगाने फिरणाऱ्या अनेक बाजूंच्या आरशावरून ड्रमवर पडतो.
३. टोनर म्हणजे काळी पूड, ती त्या जागी चिकटते.
४. ट्रेमधून रबरी रोलरांनी वर आणलेला कागद ड्रमला टेकतो आणि पूड कागदावर जाते.
५. फ्यूजर नावाचे गरम रोलर पूड वितळवून कागदात पक्की करतात. तिथे तापमान १८० ते २०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते.
६. ड्रमवर उरलेली पूड एक रबरी पट्टी खरवडून काढते आणि ड्रम पुढच्या फेरीसाठी तयार होतो.

म्हणजे हे यंत्र बरेचसे रोलर, दातेरी चक्रे, मोटारी आणि पंखे यांचे बनलेले आहे. फिरणारी वस्तू बिघडली की ती आवाज करते. आणि ती फिरते म्हणूनच तिचा आवाज ठरावीक अंतराने पुन्हा येतो. पुढच्या सगळ्या तपासाचा पाया हाच आहे.

आधी सुरक्षितता

फायरिंग रेंजवर रायफल अडकली तर उस्ताद पहिली गोष्ट काय सांगतात? नळी समोर ठेवा, बोट ट्रिगरवरून काढा, रायफल सुरक्षित करा. कारण नंतर शोधायचे. मशीनचेही तसेच आहे.

झाकण उघडून हात घालण्याआधी बटण बंद करा आणि प्लग काढा. फ्यूजरचा भाग मशीन बंद केल्यावरही बराच वेळ गरम राहतो, म्हणून त्याला हात लावू नका. ड्रमला बोट लावायचे नाही आणि तो उजेडात उघडा ठेवायचा नाही, नाहीतर प्रतींवर डाग येतात. टोनर सांडला तर कोरड्या कापडाने हलकेच टिपा. कपड्यांवर पडला तर थंड पाण्याने धुवा, गरम पाण्याने तो वितळून चिकटतो. घरातला साधा व्हॅक्यूम क्लीनर त्यावर चालवू नका, कारण ही पूड फार बारीक असते आणि गाळणीतून पार होऊन हवेत उडते. झाकण उघडे असताना मशीन चालू राहावे म्हणून दाराचा स्विच दाबून धरण्याची हुशारी कोणी करू नये. आत उच्च दाबाची वीज आणि लेसर दोन्ही असतात.

आणखी एक. आवाज आला की तेल सोडायचे, ही आपली सायकलवरून आलेली सवय आहे. इथे तेल चालत नाही. रबरी रोलरला तेल लागले की कागद घसरतो आणि मशीन कायमचे अडकू लागते.

आवाजाला चार प्रश्न विचारा

‘मशीन आवाज करतंय’ एवढे सांगून मेकॅनिकला काही कळत नाही. डॉक्टरांकडे जाऊन ‘दुखतंय’ एवढेच सांगण्यासारखे ते आहे. म्हणून चार प्रश्न.

आवाज कसा आहे? आपल्या मराठीत आवाजांना भरपूर शब्द आहेत, ते वापरा. टकटक, करकर, कुईकुई, घरघर, खडखड, फरफर हे सारे वेगळे आवाज आहेत आणि त्यांची कारणेही वेगळी आहेत.

केव्हा येतो? मशीन सुरू करताना, नुसते उभे असताना, कागद उचलताना, की कागद बाहेर पडताना?

कुठून येतो? मशीनच्या चारही बाजूंनी फिरून ऐका. वरच्या झाकणातून, ट्रेजवळून, मागच्या बाजूने, की कागद निघतो तिथून?

किती वेळाने येतो? सलग येतो, प्रत्येक कागदाला एकदा येतो, की एका कागदात अनेक वेळा ठेक्यात येतो?

वगळत जाण्याची पद्धत

कागदावर उत्तरे लिहिली की झाकण न उघडताच मशीनचा बराचसा भाग निर्दोष ठरवता येतो. गणितात आपण चुकीचे पर्याय खोडत जातो, तसे.

वरच्या फीडरमधून कागद घालण्याऐवजी मूळ कागद काचेवर ठेवून प्रत काढा. आवाज गेला, तर दोष फीडरमध्ये आहे.

संगणकावरून थेट छपाई करा. तेव्हा वरचा स्कॅनर हलत नाही. आवाज गेला, तर दोष स्कॅनर किंवा फीडरचा. आवाज तसाच राहिला, तर वरचा मजला निर्दोष आहे आणि खाली शोधायचे.

ट्रे बदला. एका ट्रेमधून आवाज येतो आणि दुसऱ्यातून येत नाही, तर दोष त्या ट्रेच्या किंवा तिथून वर येणाऱ्या कागदाच्या वाटेतच आहे. ड्रम आणि फ्यूजर दोन्ही वाटांना सामाईक असतात, म्हणून ते सुटले.

एका बाजूची आणि दोन्ही बाजूंची प्रत काढून पाहा. फक्त दोन्ही बाजूंच्या वेळी आवाज येत असेल, तर कागद उलटवणाऱ्या भागात बघायचे.

शेवटी मशीन नुसते उभे ठेवा. काहीही न करता आवाज येत असेल, तर बहुधा पंखा.

या पाच चाचण्यांना दहा मिनिटेही लागत नाहीत आणि एकही स्क्रू काढावा लागत नाही.

नेहमीचे आवाज आणि त्यांची कारणे

कागद उचलताना चर्र असा आवाज: ट्रेचा रबरी रोलर गुळगुळीत झाला आहे किंवा त्यावर कागदाची धूळ बसली आहे. तो कागदावर घसरतो, म्हणून चर्र होते. सोबत कागद अडकणे किंवा दोन कागद एकदम जाणे हेही दिसते. मशीन बंद करून, सुती कापड पाण्याने किंचित ओले करून रोलर पुसावा आणि वाळू द्यावा. तरी थांबले नाही, तर रोलर बदलावा लागतो. पावसाळ्यात हा त्रास वाढतो, कारण उघड्या रिमचा कागद ओल धरतो. रिम वेष्टनातच ठेवावी, आणि कागद ट्रेमध्ये घालण्याआधी चारही कडांनी मोकळे करून घ्यावेत.

ठेक्यात टकटक: रोलरवर काहीतरी चिकटले किंवा रुतले आहे, नाहीतर दातेरी चक्राचा एखादा दात तुटला आहे. याबद्दल पुढे सविस्तर सांगतो.

करकर, जणू दात खातोय: टोनरची बाटली किंवा ड्रम युनिट नीट बसलेले नाही, त्यामुळे चक्रांचे दात एकमेकांत पुरते अडकत नाहीत. बाटली बाहेर काढून, पुन्हा खट् असा आवाज होईपर्यंत बसवावी. बऱ्याचदा एवढ्यानेच भागते. नाही भागले, तर पुन्हा पुन्हा चालवून पाहू नये, चक्रे झिजतात.

बारीक कुईकुई: प्रती निघत असतानाच येत असेल, तर ड्रम पुसणारी रबरी पट्टी किंवा फ्यूजरच्या टोकाचे बेअरिंग यांवर संशय घ्यावा. हे मेकॅनिकचे काम.

शिट्टीसारखा चढत जाणारा आवाज: कागद हलण्याआधीच सुरू होतो आणि मग एकाच सुरात राहतो. ही लेसरचा आरसा फिरवणारी मोटार. ती मिनिटाला हजारो फेरे घेते, त्यामुळे तिचा थोडा आवाज येणारच. पूर्वीपेक्षा तो मोठा आणि कर्कश झाला असेल, तर मात्र कळवावे.

सतत घरघर किंवा खडखड: पंख्यात धूळ साठली आहे किंवा कागदाचा कपटा अडकला आहे. मशीन भिंतीला चिकटून ठेवले असेल तर पुढे ओढावे, हवेला वाट हवी.

स्कॅन सुरू होताना धाड किंवा ठक: काही मशीनना वाहतुकीच्या वेळी स्कॅनर पक्का करण्यासाठी कुलूप असते. मशीन हलवल्यानंतर ते उघडायचे राहिले की गाडी आपटते.

कागद बाहेर पडताना फरफर: कागदाची कड कशाला तरी घासते आहे. वाटेत फाटलेला तुकडा राहिला आहे का ते पाहावे. अडकलेला कागद ओढून फाडणारे आपणच असतो. तो दोन्ही हातांनी, कागद जातो त्याच दिशेने हळू ओढावा आणि बाहेर आल्यावर पूर्ण आहे का ते जुळवून बघावे.

काही आवाज दोषाचे नसतात. सुरू करताना होणारी घरघर, बऱ्याच प्रतींनंतर मशीनने मध्येच थांबून केलेली स्वतःची तपासणी, बंद केल्यावर गार होताना येणारी टिक टिक, हे सगळे ठीक आहे. म्हणून निरोगी मशीनचा आवाज आधी माहीत असला पाहिजे.

आवाज मोजून रोलर शोधणे

हा भाग मला सर्वांत जास्त आवडला, कारण यात फक्त स्टॉपवॉच आणि पाय लागतो. आकडे आमच्याच मशीनचे आहेत.

ठेक्यातला आवाज म्हणजे रोलरचा एक फेरा. एका फेऱ्यात रोलर कागदाला आपल्या परिघाएवढे पुढे नेतो. म्हणून कागदाचा वेग आणि दोन ‘टक’मधला वेळ कळला, की परिघ कळतो आणि परिघावरून व्यास.

कागदाचा वेग : ए-४ कागद उभा निघत असेल तर त्याची लांबी २९७ मिलिमीटर. पुढची कड बाहेर दिसल्यापासून मागची कड सुटेपर्यंत सरासरी २.७ सेकंद लागले. २९७ भागिले २.७ म्हणजे सेकंदाला ११० मिलिमीटर.

दोन आवाजांतला वेळ : एकच अंतर मोजले तर बोटाची चूक फार होते. लंबकाच्या प्रयोगात आपण वीस आंदोलने मोजतो, तसेच इथे. वीस फेऱ्यांना ११.४ सेकंद लागले, म्हणजे एका फेऱ्याला ०.५७ सेकंद.

परिघ : ११० गुणिले ०.५७ म्हणजे ६२.७ मिलिमीटर.

व्यास : ६२.७ भागिले ३.१४ म्हणजे जवळजवळ २० मिलिमीटर.

तेव्हा आवाज करणारा रोलर सुमारे २० मिलिमीटर व्यासाचा. आमच्या मशीनचा ड्रम ३० मिलिमीटरचा आहे, त्याचा परिघ ९४ मिलिमीटर. ड्रम दोषी असता तर ‘टक’ दर ०.८६ सेकंदाने आला असता.

हीच युक्ती कागदावरच्या डागांनाही चालते. एकसारखे डाग ठरावीक अंतराने पडत असतील, तर ते अंतर मोजपट्टीने मोजा. ते अंतर म्हणजे दोषी रोलरचा परिघ.

माझी चूक

आता ती हकिकत. आमच्या क्विझ क्लबला दर आठवड्याला प्रश्नांच्या प्रती लागतात. कागद वाचावा म्हणून एका बाजूने कोरे असलेले जुने कागद आम्ही दुसऱ्या ट्रेमध्ये घालायचो. त्यांतल्या टाचण्या आधी काढायच्या असा नियम होता. एका दिवशी फॉलिनला पाच मिनिटे राहिली होती. मी गठ्ठा घाईत चाळला आणि ट्रेमध्ये सरकवला. दहाबारा प्रती निघाल्या आणि टकटक सुरू झाली. एका कागदाच्या कोपऱ्याला दोन भोके होती आणि त्यातली स्टेपलची पिन नव्हती. तो कागद मी घडी करून खिशात घातला.

त्यानंतर कार्यालयात गेलो की मी तो आवाज ऐकत असे. दुसऱ्या ट्रेमधून येतो, पहिल्यातून येत नाही, हेही माझ्या लक्षात आले. खेळाच्या तासाचे स्टॉपवॉच घेऊन मी वर दिलेले दोन्ही वेळ मोजले आणि रफ वहीत लिहून ठेवले. बाबूजींना मात्र काही सांगितले नाही. मशीन जुने झाले, असे ते म्हणाले तेव्हा मी मान डोलावली.

आठव्या दिवशी आवाज आपोआप थांबला. मला किती हलके वाटले ते काय सांगू! नवव्या दिवशी पालक दिनाच्या कार्यक्रमपत्रिका छापायला घेतल्या आणि प्रत्येक पानावर तीन काळे ठिपके आले, एकाखाली एक, सारख्या अंतरावर. कोणत्याही ट्रेमधून काढल्या तरी तसेच.

मेकॅनिक शहरातून आले. त्यांनी ठिपक्यांमधले अंतर मोजले, ९४ मिलिमीटर. ड्रमवर ओरखडा होता. मग त्यांनी दुसऱ्या ट्रेच्या वाटेतला रोलर काढला. त्याच्या रबरात बारीक चीर होती आणि पिन ड्रमखाली पडलेली सापडली. पिन आठ दिवस त्या रोलरमध्ये रुतून बसली होती. ती सुटली आणि कागदाबरोबर ड्रमपर्यंत गेली. आवाज थांबला तो दोष बरा झाला म्हणून नाही, दोष पुढे सरकला म्हणून.

ट्रेमध्ये टाचणीचा कागद कोणी घातला, असे कार्यालय अधीक्षकांनी विचारले तेव्हा बाबूजी म्हणाले, ‘मशीन माझ्या ताब्यात आहे, माझेच लक्ष नसेल.’ मी दारात पत्रिका न्यायला उभा होतो. त्यांच्या तोंडून ते ऐकल्यावर मला पुढे गप्प राहता आले नाही. मी आत गेलो आणि खिशातल्या कागदापासून सगळे सांगितले. रफ वहीही दाखवली.

मेकॅनिकनी वही पाहिली आणि म्हणाले, ‘हे पहिल्या दिवशी दाखवलं असतंस, तर चिमट्याने पिन काढून पाच मिनिटांत घरी गेलो असतो.’ ड्रम युनिट बदलावे लागले. पत्रिका ठिपक्यांसकटच वाटल्या, कारण नवे युनिट यायला तीन दिवस लागले. आई-बाबांच्या हातातही तीच पत्रिका होती. बाबूजींनी मला नंतर एकदाही त्याबद्दल टोकले नाही.

जुना रोलर भौतिकशास्त्राच्या सरांनी मागून घेतला. प्रयोगशाळेत व्हर्नियर कॅलिपरने आम्ही त्याचा व्यास मोजला. २० मिलिमीटर भरला. गणित बरोबर होते. सर म्हणाले, ‘उत्तर बरोबर, पण वेळेवर दिलेले नाही. परीक्षेत याला गुण मिळत नाहीत.’ हाऊसमास्तरांनी मला जी शिक्षा दिली ती दिलीच, शिवाय हा लेख लिहायला सांगितला.

कळवायचे कसे?

दोष शोधणे हे अर्धे काम आहे. उरलेले अर्धे म्हणजे तो ताबडतोब आणि नेमका कळवणे. आता कार्यालयात मशीनशेजारी एक वही टांगलेली आहे. तिच्यात पाच रकाने आहेत: तारीख व वेळ, आवाज कसा, केव्हा व कुठून, कोणत्या ट्रेमधून, आणि त्याआधी काय केले होते. पाचवा रकाना भरायला सगळ्यांत अवघड जातो, पण मेकॅनिक आल्यावर सर्वांत आधी तोच वाचतात.

नमुन्यादाखल, मी पहिल्याच दिवशी अशी नोंद करायला हवी होती: ‘दुपारी १ वाजून २० मिनिटे. टकटक, ठेक्यात, २० फेऱ्यांना ११.४ सेकंद. उजव्या बाजूने, खालून. फक्त दुसऱ्या ट्रेमधून. त्याआधी जुने कागद घातले होते, एका कागदाची पिन सापडत नाही.’

क्विझ क्लबचे जुने कागद आम्ही आता मशीनमध्ये घालत नाही. त्यांच्या वह्या शिवून रफ कामाला घेतो.